पालक की मेथी? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

 

मागच्या हिवाळ्यात इंझोरीत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या आणि मग नेहमीप्रमाणे घरच्या गोष्टी निघाल्या. एका बाईची सून पोटुशी होती. तपासणीत तिचं रक्त कमी निघालं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ताई, कोणी म्हणते पालक खाऊ घाल, पालकानं रक्त वाढते. माही माय म्हणे, मेथी खाऊ घाल. दोन्हीतलं खरं कोणतं, ते सांगा बरं."

मी चटकन म्हणून गेले, "पालक." आपण सगळ्याच म्हणतो तसं. घरी आले आणि मनात आलं, आपण हे कशावरून म्हणालो? मग पुस्तकं काढून बसले. तेव्हा कळलं, की या साध्या प्रश्नाला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात मुंबईच्या गिरण्या आहेत, एक इंग्रज डॉक्टरीणबाई आहे, आंध्रातला एक शास्त्रज्ञ आहे, आणि मुख्य म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या बायांचं रक्त आहे. तो इतिहास आज सांगते.

आधी या दोन भाज्या कुठल्या, ते पाहू. मेथी फार पुरातन. इजिप्त देशात तुतनखामेन नावाचा राजा सुमारे ३३०० वर्षांपूर्वी वारला. १९२२ मध्ये त्याची कबर सापडली, तेव्हा आत ठेवलेल्या धान्याधुन्यात मेथीचे दाणेही निघाले. मेथी ही हरभऱ्याच्या, तुरीच्या, सोयाबीनच्या कुळातली. वावरात मेथीचं रोप मुळासकट उपटून पाहा. सोयाबीनच्या मुळावर असतात तशा बारीक गाठी तिच्याही मुळावर दिसतील. म्हणजे मेथी ही कडधान्याची बहीण आहे.

पालकाची गोष्ट जरा गमतीची आहे. पुस्तकात ज्याला पालक म्हणतात तो मूळचा इराणातला. तिथून तो पूर्वेकडं आला आणि नेपाळमार्गे इसवी सन ६४७ मध्ये चीनच्या दरबारात पोचला. चिनी लोक त्याला इराणची भाजी म्हणायचे. पण आपल्या बाजारात जो पालक मिळतो, एकदा कापला की पुन्हा पुन्हा फुटतो, तो बहुतेक वेळा हा इराणी पालक नसतोच. तो बीटाच्या कुळातला देशी पालक. 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती' हे जे बियाणं आपण परसबागेत टाकतो, ते याच देशी पालकाचं. इराणी पालकाला आपल्याकडं विलायती पालक म्हणतात. दोघं एका मोठ्या घराण्यातले चुलतभाऊ समजा. स्वभाव बराच जुळतो, पण माणूस एकच नव्हे. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

आता मुंबईला जाऊ. शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जायचा. आपल्या शेजारच्या कारंज्यावरून पूर्वी धावणारी शकुंतला गाडी, मूर्तिजापूर ते यवतमाळ, ती या कापसासाठीच टाकलेली होती. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस मुंबईत दुसऱ्या बाया हाताळायच्या. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात बायाच जास्त असत. दिवसभर उभं राहून काम, एका खोलीत संसार, आणि एकामागून एक बाळंतपणं.

या बायांमध्ये गरोदरपणी एक वाईट आजार दिसायचा. अंग पांढरं पडायचं, पायावर सूज यायची, दम लागायचा. रक्तातल्या लाल पेशी कमी व्हायच्या, आणि ज्या उरायच्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. कितीतरी बाया त्यातच जायच्या. लोह दिलं तरी हा आजार हटत नव्हता.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर या आजाराचा शोध घ्यायला मुंबईत आली. हाफकिन संस्थेत तिनं काम सुरू केलं. आधी तिला जंतूंचा संशय होता. तपासण्या झाल्या, पण जंतू सापडेना. मग तिनं वेगळा प्रश्न विचारला. या बाया खातात काय? दूध, फळं, भाजीपाला ज्यांच्या ताटात नाही, त्या गरीब घरांतल्या बायांना हा आजार जास्त होतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं तसंच निकस खाणं उंदरांना घातलं, पुढं माकडांना घातलं. त्यांचंही रक्त उतरलं. मग तिनं मार्माइट नावाचा एक स्वस्त पदार्थ देऊन पाहिला. बिअर गाळल्यावर जे यीस्ट उरतं, त्याचा हा अर्क. त्यानं रक्त भरून यायला लागलं. आजारी बायाही सुधारल्या. १९३१ मध्ये तिनं हे छापून जगासमोर ठेवलं.

यीस्टमध्ये औषध आहे हे कळलं, पण ते नेमकं कोणतं, हे तिला सांगता आलं नाही. जगानं त्या अनोळखी गुणाला तिचंच नाव दिलं, 'विल्स फॅक्टर'.

पुढची दहा वर्षं शोध चालला. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या शास्त्रज्ञांनी तो गुण वेगळा काढला. कशातून काढला माहीत आहे? पालकातून. थोडाथोडका नव्हे, चार टन पालक त्यांनी त्यासाठी आणला आणि त्यातून चिमूटभर द्रव्य हाती लागलं. पानातून मिळालं म्हणून लॅटिन भाषेतल्या 'पान' या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं, फोलिक ॲसिड. आणि १९४५ मध्ये अमेरिकेतल्याच एका औषध कंपनीत ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर हेच फोलिक ॲसिड असतं.

मैत्रिणींनो, मला या गोष्टीत सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू? मुंबईच्या गिरणीतल्या बायांचं रक्त तपासून हे औषध सापडलं. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. पण आज जगात कुठंही पोटुशी बाई ती गोळी घेते, ती त्या बायांच्या पुण्याईवर.

तर फोलिक ॲसिडच्या बाबतीत पालकाचा मान खरा आहे. आणि मेथी? आता आकड्यांकडं येऊ, कारण आकड्यांचाही इतिहास आहे.

आपल्या देशात कोणत्या भाजीत काय आहे, हे मोजायचं काम तमिळनाडूत कुन्नूर इथल्या प्रयोगशाळेत सुरू झालं. लुसी विल्सनंही तिथं काही काळ काम केलं होतं. डॉक्टर आयक्रॉइड तिथले संचालक असताना १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे पहिले तक्ते छापले गेले. १९५८ मध्ये ही प्रयोगशाळा हैदराबादला गेली, आणि १९६९ पासून तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं. आपल्या वाशीमच्या स्टेशनावरून हिंगोली, नांदेड करत गाडी जाते, त्याच हैदराबादला.

या संस्थेच्या १९७१ च्या पुस्तकात १०० ग्रॅम पालकात लोह किती लिहिलं होतं? १०.९ मिलिग्रॅम. पुढं सुधारलेल्या आवृत्तीत तोच आकडा आला १.१४. जवळपास दहावा हिस्सा! आणि २०१७ मध्ये नवे तक्ते निघाले, त्यात २.९५. पान तेच, मग असं कसं? पानाला माती चिकटलेली असते आणि मातीत लोह असतं. जुन्या पद्धतीनं मोजताना पानाचं लोह कोणतं आणि धुळीचं कोणतं, हे नीट वेगळं व्हायचं नाही. नव्या यंत्रांनी ते सुधारलं. शिवाय वाण, जमीन, हंगाम बदलला की पानही बदलतं.

तुम्ही कदाचित ऐकलं असेल, की कोण्या जर्मन शास्त्रज्ञानं दशांश चिन्ह चुकीच्या जागी टाकलं आणि म्हणून पालकाचं लोह दहापट वाढलं. पोरं टीव्हीवर पाहतात तो पोपाय, डबा फोडून पालक खाणारा, तोही त्या चुकीमुळंच पालक खाऊ लागला म्हणतात. ही गोष्ट फार पसरली. पण एका इंग्रज अभ्यासकानं जुनी कागदपत्रं धुंडाळली, २०१० मध्ये आपला शोध छापला, आणि अशा चुकीचा पुरावा काही मिळाला नाही. १९३२ च्या चित्रकथेत तर पोपायच सांगतो, की मी अ जीवनसत्त्वासाठी पालक खातो. म्हणजे बघा, लोहाचा आकडा फुगलेला होता हे खरं, आणि तो का फुगला याची सांगितली जाणारी गोष्टही फुगलेलीच.

आता मेथी शेजारी ठेवू. मेथीचाही लोहाचा आकडा असाच खाली-वर झाला. सुधारलेल्या आवृत्तीत तो १.९३ होता, २०१७ च्या तक्त्यात ५.६९ आहे. आकडे बदलत राहिले, पण एक गोष्ट बदलली नाही. त्याच पुस्तकात त्याच वेळी पाहिलं, तर मेथीचं लोह पालकापेक्षा जास्तच निघालं. पालकाचा देखावा मोठा झाला, मेथी मुकाट्यानं पुढं राहिली.

२०१७ च्या तक्त्यातले बाकीचे आकडेही सांगते. १०० ग्रॅम निवडलेल्या कच्च्या पानांचे आहेत, वहीत लिहून घ्या. प्रथिनं पालकात सुमारे २.१ ग्रॅम, मेथीत ३.७. कॅल्शियम पालकात ८२ मिलिग्रॅम, मेथीत २७४. क जीवनसत्त्व पालकात ३०, मेथीत ५८. फोलेट, म्हणजे पानातलं फोलिक ॲसिड, पालकात १४२ मायक्रोग्रॅम आणि मेथीत ७५. म्हणजे फोलेटमध्ये पालक जवळपास दुप्पट. बाकी तिन्हींत मेथी वरचढ, आणि कॅल्शियममध्ये तर तिपटीहून जास्त.

मेथी इतकी पुढं का, याचं एक कारण तुमच्या हाताला रोज कळतं. पालक चुलीवर टाकला की बसतो, पातेलंभर पानांची मूठभर भाजी होते. पालकात पाणी जास्त. १०० ग्रॅम पालकात साधारण ९२ ग्रॅम पाणीच असतं, मेथीत ८६ च्या आसपास. म्हणजे पाणी सोडून जे उरतं, ते पालकात ८ ग्रॅम आणि मेथीत १४ ग्रॅम. तराजूत दोन्ही सारख्या, पण मेथीच्या पानात ऐवज जास्त.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. पालक खाल्ल्यावर दातांना खरबरीत लागतं ना? ते ऑक्झॅलिक ॲसिडमुळं. पालकात ते फार असतं, १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅमच्या वर. देशी पालकातही असतं, घराणं एकच. हे ॲसिड कॅल्शियमला धरून ठेवतं आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत माणसांवर मोजून पाहिलं. दुधातलं कॅल्शियम शंभरातलं २७ भाग अंगी लागलं, पालकातलं शंभरातलं जेमतेम ५. मेथीत हे ॲसिड अगदी नगण्य. म्हणजे पालकात कॅल्शियम आधीच कमी, आणि असलेलंही कुलपात. बाळंतिणीला मेथीचे लाडू आणि मेथीची भाजी द्यायची आपल्या मायची रीत होती. तिच्याजवळ तक्ता नव्हता, पण हात बरोबर जागी पडत होता. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र पालक किती खायचा ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मग काय, मेथी जिंकली? थांबा. मी सांगितलेले आकडे विलायती पालकाचे आहेत. तक्त्यात नाव त्याचंच असतं. तुमच्या परसातला देशी पालक त्याचा चुलतभाऊ. त्यामुळं आकडा हा अंदाज समजावा, दगडावरची रेघ नव्हे. शिवाय पोटुशा बाईला फोलेट आणि लोह दोन्ही लागतं. एक पालकात जास्त, दुसरं मेथीत जास्त. त्या दोघींपैकी एक निवडायची गरजच काय? हिवाळ्यात आज मेथी, परवा पालक. मेथी महिनाभरात काढणीला येते, पालक कापत राहिलं की फुटत राहतो. परसबागेत दोन वाफे शेजारी शेजारी टाकले, तर घरात दोन्ही येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलते. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं लोह भाजीतून घ्यायचं तर दिवसाला किलोभराहून जास्त मेथी किंवा दोन किलो पालक खावा लागेल. आणि पानातलं लोह अंगी लागतं तेही थोडंच. म्हणजे ज्या बाईचं रक्त उतरलंय, तिला "गोळी नको, पालक खा" असं सांगणं म्हणजे तिला उपाशी ठेवण्यासारखं आहे. गोळी चालूच ठेवायची, भाजी तिच्या जोडीला. गोळीनं मळमळलं, संडास काळी झाली, तर आशाताईंना सांगा, पण मनानं बंद करू नका. चौथ्या महिन्यापासून रोज एक, कमीत कमी १८० दिवस, असा नियम आहे.

फोलिक ॲसिडचं काम तर त्याही आधी सुरू होतं. बाळाच्या पाठीचा कणा गर्भात पहिल्या महिन्यातच तयार होतो, तेव्हा बाईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ज्यांच्या आधीच्या बाळाला कण्याचा दोष होता, अशा बायांना गर्भ राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड दिलं, तर तो दोष चारातल्या जवळपास तीन वेळा टळतो, असं १९९१ मध्ये छापलेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून लग्न झालेल्या पोरींनी मूल हवं असं ठरवलं, की आधीच आरोग्य केंद्रात विचारावं.

भाजी शिजवतानाही थोडं सांभाळा. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की गुण पाण्याबरोबर जातो. पालक उकडून पाणी फेकलं तर ऑक्झॅलिक ॲसिड थोडं कमी होतं, पण फोलेट आणि क जीवनसत्त्वही त्याच पाण्यात जातं. आपली वऱ्हाडी डाळभाजी यात फार शहाणी. पाणी फेकायचं कामच नाही, आणि तूरडाळीचंही फोलेट मिळतं. ताटात घेतल्यावर वरून लिंबू पिळा. लिंबामुळं पानातलं लोह जास्त अंगी लागतं. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडं लोह कढईतूनही येतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहा लोहाला अडवतो.

हे सगळं आपण केलं, तरी एक गोष्ट राहते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी शंभरात ५४ जणींचं रक्त कमी निघालं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत तो आकडा ४८ होता. गोळी सापडून ऐंशी वर्षं होत आली, तक्ते तीनदा सुधारले, आणि आपला आकडा वर चढला. याचं उत्तर पालकातही नाही आणि मेथीतही नाही. ते पातेल्यात आहे.

घरातल्या पातेल्यातून भाजी कोणाच्या ताटात आधी जाते? पोरांच्या, मग पुरुषांच्या, मग सासू-सासऱ्यांच्या. सूनबाई शेवटी बसते. तोवर भाकर उरते, भाजी संपते. ती पातेलं पुसून, तिखट-मिठाशी खाऊन उठते. १०० ग्रॅमचा आकडा पुस्तकात राहतो, तिच्या वाट्याला येतात दोन घास. लुसी विल्सनं मुंबईत विचारला तो प्रश्न अजून तोच आहे. या बाया खातात काय?

म्हणून गटांना माझं एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीत एक मेथीची आणि एक पालकाची जुडी आणा. निवडा, किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, शिजवा आणि घरात जितकी माणसं असतील तितक्या वाट्या मांडा. शेवटच्या वाटीत किती उरते, ते डोळ्यांनी पाहा. मग ठरवा, की रक्त कमी असलेलीची वाटी आधी भरायची.

त्या सासूबाईंना मी पुन्हा भेटले. म्हटलं, काकू, माझं त्या दिवशीचं उत्तर अर्धं होतं. तुमची मायही बरोबर होती. पालकही द्या, मेथीही द्या, आणि गोळी चुकवू नका. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भाजी कोणतीही असो, तिले आधी वाढा लागते."

मैत्रिणींनो, एवढंच सांगायचं होतं. नमस्कार.